छंद कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं? आकाश बघणाऱ्यांच्या इतिहासातून एक धडा

पेट किंवा सेटची तयारी करणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "मला आकाश बघायला आवडतं, तारे ओळखता येतात, ग्रहणं चुकवत नाही. पण विषय तर इतिहास आहे. या आवडीचा संशोधनाला काही उपयोग आहे का, की तो नुसता छंदच?"

जयसिंगपूर-शिरोळ भागातल्या विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न आणखी जवळचा आहे. तुमच्या तालुक्यातच खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आहे, आणि दर त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तिथल्या स्वर्गमंडपाच्या उघड्या छतावर चंद्र बरोबर डोक्यावर येतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यापैकी कितीजणांनी ते तपासून पाहिलंय?

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. छंद आणि संशोधन यांच्यामधली रेषा पदवीनं ठरत नाही, दुर्बिणीच्या आकारानंही ठरत नाही. तुम्ही जे पाहिलं त्याची नोंद अशी आहे का, की ती वाचून दुसऱ्या माणसाला तुमचं म्हणणं तपासता येईल आणि गरज पडली तर खोडता येईल? ती रेषा इथे आहे. आधी इतिहासातली काही माणसं बघू आणि मग खिद्रापूरला जाऊ.

पेशानं शिक्षक, हातात पंचांग

शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे दापोलीजवळच्या मुरूडचे. पेशानं शिक्षक. वेधशाळेत नोकरी नाही, विद्यापीठात पद नाही. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आला, आणि भारतीय खगोलाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला आजही तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं 'द इंडियन कॅलेंडर' हे पुस्तकही प्रसिद्ध झालं. शिलालेखातली तिथी आणि वार घेऊन त्यावरून इंग्रजी तारीख कशी काढायची, हे त्यात कोष्टकांसह दिलंय. गुप्तकाळातल्या लेखांच्या तारखा ठरवताना जे. एफ. फ्लीट यांनी दीक्षितांच्या गणिताची मदत घेतली होती.

दीक्षितांचा एक युक्तिवाद मुद्दाम लक्षात ठेवा. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी ते वाक्य निरीक्षणाची नोंद म्हणून वाचलं. कृत्तिका आज बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे सरकून उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, त्याला अयनचलन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हजारो वर्षांत बदलतात. मग कृत्तिका ठीक पूर्वेला कधी उगवत होत्या? उत्तर येतं इसवी सनापूर्वी सुमारे ३०००.

हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केलेला नाही. त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घ्यायचा का, जुनी परंपरा नंतरच्या ग्रंथात आली असेल का, असे आक्षेप घेतले गेले आणि आजही वाद आहे. पण वाद होऊ शकतो याचं कारण दीक्षितांनी कोणतं वाक्य घेतलं, काय गृहीत धरलं आणि गणित कसं केलं, हे सगळं उघडं ठेवलंय. गृहीतक चुकीचं वाटलं तर नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं. ही सवय उचलण्यासारखी आहे.

विदर्भातलं ग्रहण आणि बिनपदाची बाई

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. विजयदुर्गच्या किनाऱ्यावर नॉर्मन लॉकयर यांची तुकडी होती. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची माणसंही होती. आणि विदर्भातल्या तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. ही संस्था १८९० मध्ये मुख्यतः हौशी निरीक्षकांसाठी सुरू झालेली.

तळणीच्या गटात ॲनी माँडर होत्या. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या, ग्रिनिच वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर गणकाचं काम केलेल्या. १८९५ मध्ये लग्न झाल्यावर तेव्हाच्या नियमानुसार नोकरी सुटली. म्हणजे तळणीला त्या आल्या तेव्हा हुद्द्याच्या हिशेबानं 'हौशी'च. त्यांच्याकडे होता दीडएक इंच व्यासाच्या भिंगाचा छोटा कॅमेरा. त्या कॅमेऱ्यानं त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा असा लांब किरण टिपला की इतक्या लांबीचा किरण तोवर कुणाच्या छायाचित्रात आलेला नव्हता. मोठ्या तुकड्यांची मोठी यंत्रं सूर्याजवळचा भाग टिपण्यात गुंतली होती. माँडर यांचा प्रश्न वेगळा होता: प्रभामंडळ बाहेर कुठवर पसरलेलं आहे? त्या प्रश्नाला लागेल असं भिंग त्यांनी आधीच निवडलं होतं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर संशोधन आराखडा पक्का होता. साधन लहान असलं तरी ते प्रश्नाला बेतलेलं होतं. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं मात्र स्त्रियांना फेलो म्हणून घ्यायला १९१६ साल उजाडू दिलं. काम आधी झालं, मान्यता अठरा वर्षांनी आली.

मोठ्या यंत्रांचं काय झालं तेही बघा. नायगमवालांची पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली होती. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सगळ्यात मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि यंत्रं कोडाईकनालला गेली. पुण्यात आकाश बघणाऱ्यांची संघटना पुन्हा उभी राहिली ती १९४४ मध्ये, ज्योतिर्विद्या परिसंस्था या नावानं, आणि ती हौशी मंडळींनी उभी केली. ती आजही चालू आहे.

दोन माणसं, दोन धडे

पहिले राधागोविंद चंद्र. जेसोरचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. सरकारी खजिन्यात कारकून. रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं अशा ताऱ्यांची निरीक्षणं त्यांनी वर्षानुवर्षं केली आणि अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली. एकूण ३७ हजारांहून जास्त. त्या संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. अशी एकेक नोंद म्हणजे काय असतं? तारा कोणता, तारीख, वेळ आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ठरवलेली प्रत. एका ओळीत मावेल एवढंच. एका रात्रीच्या ओळीला फार किंमत नाही, पण तशा हजारो ओळी एकाच पद्धतीनं लिहिल्या की त्यातून ताऱ्याचा आलेख तयार होतो, आणि तो आलेख दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पिढीतल्या माणसाला वापरता येतो.

दुसरे व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०). तेही शिक्षक. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा ग्रंथ पंचांगकर्त्यांना माहीत आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असं गणितानं मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. 'ब्रह्मा'चं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट काढलं होतं. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचं सरासरी अंतर ३९.५ पट.

इथे आपली छाती फुगते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथेच थांबायचं. आकडा जुळला म्हणजे भाकीत खरं ठरलं का? १९७८ मध्ये प्लूटोचा उपग्रह शेरॉन सापडला आणि प्लूटोचं वस्तुमान नीट काढता आलं. ते इतकं किरकोळ निघालं की दुसऱ्या ग्रहांच्या गतीवरून प्लूटोचा सुगावा लागणं शक्यच नव्हतं. अंतराचा आकडा जवळ आला, पण केतकरांचा दुसरा ग्रह 'विष्णू' काही सापडला नाही. एक जुळला, एक नाही. जुळलेला तेवढा सांगायचा आणि न जुळलेला गाळायचा, हे भाषणात चालतं, प्रबंधात चालत नाही. केतकरांचा मोठेपणा दोन्ही आकडे छापून ठेवण्यात आहे. ते छापलेले आहेत म्हणून आज आपण तपासू शकतो.

आणि प्लूटो प्रत्यक्ष शोधला कुणी? क्लाइड टॉम्बॉनं. अमेरिकेतल्या कॅन्ससचा शेतकऱ्याचा मुलगा. घरी आरसे घासून दुर्बीण बनवली, मंगळ आणि गुरूची चित्रं काढून लॉवेल वेधशाळेला पाठवली, आणि ती चित्रं बघून त्याला १९२९ मध्ये नोकरी मिळाली. त्याचा बायोडाटा म्हणजे त्याची वही.

आता खिद्रापूर

आता हे सगळं आपल्या तालुक्यात वापरून बघू. वाडी-कुरुंदवाडमार्गे तुम्ही कितीतरी वेळा गेला असाल. शिलाहारांच्या काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं मंदिर. यादव राजा सिंघणाच्या काळातला तेराव्या शतकातला शिलालेख तिथे आहे. पुढच्या स्वर्गमंडपाच्या छताला सुमारे तेरा फूट व्यासाची गोल मोकळी जागा आहे आणि तिच्या बरोबर खाली तशीच गोल शिळा. त्रिपुरारी, म्हणजे कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या वर्तुळावर येतो आणि लोक गर्दी करतात.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एकजण म्हणतो, "बघा, आपल्या पूर्वजांचं विज्ञान!" दुसरा म्हणतो, "छे, सगळं थोतांड." दोघांनीही मोजलेलं नसतं. आपण मोजू.

पहिली पायरी: चंद्र डोक्यावर येण्याची अट काय? खगोलीय विषुववृत्तापासून चंद्र जेवढे अंश उत्तरेला असेल, त्याला त्याची क्रांती म्हणतात. ही क्रांती तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी असेल तर चंद्र बरोबर डोक्यावरून, म्हणजे खमध्यातून जातो. खिद्रापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर.

दुसरी पायरी: पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला १५ ते २१ अंशांवर, म्हणून पौर्णिमेचा चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. १६.७ या पट्ट्यात बसतं. म्हणजे दावा थोतांड नाही. कार्तिकातला पूर्ण चंद्र खरोखर खिद्रापूरच्या डोक्याजवळून जातो.

तिसरी पायरी, आणि इथे गंमत आहे. चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाशी पाच अंशांनी कललेली आहे आणि तो कल १८.६ वर्षांत एक फेरी मारतो. म्हणून दर वर्षीचा कार्तिक सारखा नसतो. २५ नोव्हेंबर २०१५ च्या मध्यरात्री चंद्राची क्रांती सुमारे १६ अंश होती: जवळजवळ बरोबर डोक्यावर. १५ नोव्हेंबर २०२४ ला ती सुमारे २२ अंश होती: खमध्याच्या पाचसाडेपाच अंश उत्तरेला.

जमिनीवर हा फरक केवढा? समजा मोकळी जागा शिळेपासून १५ फूट उंच आहे (हा आकडा फक्त गणितासाठी धरलाय, खरी उंची तुम्ही टेपनं मोजायची). २०१५ मध्ये चांदण्याचं वर्तुळ शिळेवरून दोनतीन इंच सरकलेलं असेल, २०२४ मध्ये जवळपास दीड फूट. तेरा फुटी वर्तुळात दीड फूट गर्दीतल्या माणसाला सहज जाणवत नाही. म्हणून लोक दर वर्षी म्हणतात "बरोबर आला", आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या 'बरोबर'ची व्याख्या सैल असते एवढंच.

चौथी पायरी हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक हौशी माणसं ती सोडतात. कार्तिक सोडून बाकीच्या पौर्णिमांचं काय? २५ डिसेंबर २०१५ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेला क्रांती सुमारे १८ अंश, तर जानेवारी २०१६ च्या पौष पौर्णिमेला सुमारे १५ अंश. दोन्ही वेळा चंद्र खमध्यापासून दोन अंशांच्या आत. आणि १२ फेब्रुवारी २०२५ च्या माघ पौर्णिमेला मध्यरात्रीनंतर चंद्र त्याच हिवाळ्यातल्या कार्तिकापेक्षा खमध्याच्या जास्त जवळ होता! म्हणजे भूमितीच्या दृष्टीनं कार्तिक पौर्णिमा एकमेव नाही. त्या छताखाली हिवाळ्यात दोनतीन पौर्णिमा असं दृश्य दिसू शकतं, आणि कोणत्या, ते १८.६ वर्षांच्या फेऱ्यावर ठरतं.

पाचवी पायरी: आजचं आकाश म्हणजे बाराव्या शतकातलं आकाश नव्हे. आपलं पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, ऋतूंना धरून नाही. साडेआठशे वर्षांत त्यात सुमारे दोन आठवड्यांचा फरक पडलाय. त्या काळी कार्तिक पौर्णिमा ऋतूंच्या हिशेबात आजच्यापेक्षा दोन आठवडे लवकर यायची. तेव्हा सूर्य इतका दक्षिणेला गेलेला नसे, म्हणून चंद्रही इतका उत्तरेला नसे. आज कार्तिकातला चंद्र सरासरीनं खमध्याच्या जरा उत्तरेनं जातो, तेव्हा जरा दक्षिणेनं जात असणार. दोन्ही काळांत तो जवळून जातो. म्हणजे काळाचा फरक लक्षात घेऊनही दावा पडत नाही, आणि सिद्धही होत नाही.

मग मंदिर चंद्रासाठी असं बांधलं का? भूमिती एवढंच सांगते की तसं दिसणं शक्य आहे. हेतू सांगायला भूमिती पुरत नाही. मोकळी जागा होमाचा धूर जाण्यासाठी ठेवली असं सांगतात. छत अपुरं राहिलं असण्याचीही शक्यता आहे. आणि १६-१७ अंश अक्षांशावर वर गोल उघडं ठेवलेलं कुठलंही छत असलं, तरी हिवाळ्यात कधीतरी पूर्ण चंद्र त्यावर येणारच. हा 'नुसता योगायोग' पर्याय खोडता आला तरच हेतूबद्दल बोलता येईल.

इथे इतिहासाचा विद्यार्थी खगोलाच्या विद्यार्थ्यापेक्षा पुढे जाऊ शकतो. कारण आता प्रश्न बदलला. खरा प्रश्न असा: कार्तिक पौर्णिमेला खिद्रापुरात चंद्र बघण्याची प्रथा कधी सुरू झाली? त्रिपुरारी पौर्णिमा शंकराचा सण, मंदिर शंकराचं, दीपोत्सवाची परंपरा, पाऊस संपून निवळलेलं आकाश: प्रथा याच दिवशी रुजायला एवढी कारणं पुरेशी आहेत. पण ती केव्हा रुजली? त्यासाठी १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरमधलं मंदिराचं वर्णन बघा, जुनी प्रवासवर्णनं, वर्तमानपत्रांच्या नोव्हेंबरातल्या फायली, पुरातत्त्व खात्याचे अहवाल चाळा, गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चंद्राचा उल्लेख पहिल्यांदा कुठे येतो आणि 'खगोलीय चमत्कार' हा शब्दप्रयोग कधी जोडला जातो, हे तारीखवार मांडा. उत्तर काहीही येवो. प्रथा जुनी निघाली तर मंदिराच्या इतिहासात भर पडेल. अलीकडची निघाली तर गेल्या काही दशकांत आपण आपल्या वारशाकडे कसं बघायला लागलो, याचा तो पुरावा ठरेल. दोन्हीकडून प्रबंधाचं एक प्रकरण नक्की निघतं.

पेटीतला दुसरा विषय: १९८० ची दुपार

आणखी एक विषय तुमच्या घरातच आहे. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून उत्तर कर्नाटकातून गेला. आपल्या भागात मोठं खंडग्रास दिसलं. त्या दुपारी देशभर लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले होते, रस्ते ओस होते. पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला तोच समाज चष्मे घेऊन बाहेर पडला. मधल्या काळात काय घडलं? १९८६ चा हॅले धूमकेतू, त्याच्या आगेमागे सुरू झालेली मुंबईचं खगोल मंडळ यांसारखी हौशी मंडळं, शाळांमधले आकाशदर्शनाचे कार्यक्रम. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचं मराठी लेखनही याच काळात घराघरांत पोचलं. यातल्या कशाचा किती वाटा होता, हे गावपातळीवर तपासता येईल. साठीच्या पुढच्या दहा माणसांना एकच प्रश्न विचारा: "त्या दुपारी तुम्ही कुठे होता?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मौखिक इतिहासाचा याहून सोपा सराव नाही.

सुरुवात कशी कराल?

दुर्बीण लगेच घेऊ नका. आधी एक जाड वही घ्या. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यातच: तारीख, वेळ (घड्याळ मोबाइलच्या वेळेशी जुळवून), जागा, आकाशाची स्थिती आणि काय पाहिलं. सहावी गोष्ट: किती खात्री आहे. "ढगामुळे नीट दिसलं नाही" ही चांगली नोंद आहे. "काही दिसलं नाही" ही तर फारच चांगली, कारण ती लिहायचा बहुतेकांना कंटाळा येतो.

पहिला प्रयोग काठीच्या सावलीचा. जयसिंगपुरात दर वर्षी ६ मेच्या आसपास आणि पुन्हा ५-६ ऑगस्टच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टात ढग, म्हणून मे पकडा. सावली सगळ्यात लहान कधी होते ती वेळ लिहा. घड्याळात बारा वाजलेले नसतील. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण साडेचौऱ्याहत्तरच्या जरा पुढे. फरक जवळपास आठ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे बत्तीस मिनिटं. मेमध्ये सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून मध्यान्ह साडेबाराच्या थोडं आधी. हाच हिशेब खिद्रापूरला लावा: नोव्हेंबरात सूर्य पंधराएक मिनिटं पुढे असतो, म्हणून पौर्णिमेचा चंद्र बाराच्या ठोक्याला नव्हे, साधारण सव्वाबाराच्या आसपास सगळ्यात उंच असतो. पौर्णिमेचा नेमका क्षण कधी आहे त्यावर तो आणखी थोडा मागेपुढे होतो. बाराला बघून परत फिरणाऱ्यांची नोंद चारपाच अंशांनी चुकलेली असते!

दुसरा प्रयोग दक्षिण क्षितिजाचा. आपण युरोपच्या मानानं बरेच दक्षिणेला आहोत. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास शहराबाहेर, उसाच्या फडापलीकडे दक्षिण क्षितिज मोकळं असेल तिथे उभे राहा. त्रिशंकू दिसतो, तेराएक अंश उंच. हिवाळ्यात अगस्त्य वीस अंशांपर्यंत चढतो. लंडनमधून हे दोन्ही दिसत नाहीत. जुन्या ग्रंथातलं ताऱ्याचं वर्णन कोणत्या अक्षांशावरून लिहिलं गेलं असेल, हा प्रश्न विचारायची सवय इथून लागते.

तिसरा प्रयोग म्हणजे येती कार्तिक पौर्णिमा. चौघं मिळून जा. मंदिर व्यवस्थापन आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या. मोकळ्या जागेचा व्यास आणि उंची मोजा. रात्री साडेअकरा ते एक दर दहा मिनिटांनी चांदण्याच्या वर्तुळाची कडा शिळेच्या कडेपासून किती बाजूला आहे ते मोजून लिहा. दगडावर खडूची खूणसुद्धा करू नका, फक्त टेप आणि वही. निघण्याआधी स्टेलॅरियमवर त्या रात्रीची चंद्राची क्रांती काढा आणि वर्तुळ किती आणि कोणत्या दिशेला सरकेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवा. अंदाज आधी, मोजमाप नंतर. हा क्रम उलटा झाला की मन जुळवून घेतं. मग मार्गशीर्षात आणि माघात पुन्हा जा, जेव्हा तिथे गर्दी नसेल.

त्या तीन रात्रींच्या मोजमापांचा तक्ता तुमच्या मार्गदर्शकांसमोर ठेवा. "हा छंद आहे की संशोधन?" हा प्रश्न ते विचारणार नाहीत. ते विचारतील, "उंची मोजताना चूक किती धरली?" हा प्रश्न आला की समजा, तुम्ही रेषा ओलांडलीत.